पायातल्या जोड्यावर नाव कुणाचे?

यंदाच्या लग्नसराईत आमच्या घरी पुतणीचे लग्न निघाले. आहेराची यादी करायला बसलो. भांडी, कपडे, घड्याळ यांवर सर्वांचे एकमत झाले, पण जावईबापूंना काय द्यायचे यावर चौघांची चार मते पडली. शेवटी वहिनींनी निकाल दिला, "कोल्हापुरी चपला द्या. हाताने केलेली वस्तू आहे, टिकेल." देवरूखहून कोल्हापूर काही फार लांब नाही. सकाळची एस. टी. धरून साखरपा सोडले आणि आंबा घाट चढला, की दुपारी माणूस तिथल्या चप्पल लाइनीत उभा.

दुकानदाराने बाराशे सांगितले. आम्ही पडलो कारकून. आठशेपासून सुरुवात केली आणि साडेनऊशेवर सौदा ठरवला. अडीचशे वाचवले या आनंदात मागच्या बोळात चहाला गेलो, तर तिथे एक बाई उंबऱ्यावर बसून चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालीत होत्या. बोटे काळवंडलेली, पण हात थांबत नव्हता. लाइनीतल्या दुकानांना त्यांच्याच घरून माल जातो. मजुरी जोडीमागे मिळते, म्हणाल्या. मुलगा आयटीआयला आहे, त्याने ह्यात पडू नये, असेही म्हणाल्या. आमचे अडीचशे रुपये नेमके कुणाच्या खिशातून वाचले, हा हिशेब चहा पिताना सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

एका जोडीमागे किती राबणूक असते पाहा. कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात घालून कमवायचे. हे दिवसांचे काम, वासाचे काम. मग तळ कापायचे, ठोकून सारखे करायचे, पट्टे बसवायचे. खऱ्या कोल्हापुरीला खिळा मारीत नाहीत, चामड्याच्या वादीनेच शिवतात. कापणे-ठोकणे बहुधा पुरुषांकडे. वेणी, शिवण, नक्षी यांतले पुष्कळ काम बायका करतात, तेही घरचा स्वयंपाक उरकून. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला, तेव्हापासून बैलाचे कातडे मिळेनासे झाले आणि सगळी भिस्त म्हशीच्या कातड्यावर आली. कागल तालुक्यातल्या कापशी गावावरून 'कापशी' हा चपलेचा एक घाटच प्रसिद्ध आहे. म्हणजे गावाचे नाव चपलेला लागले, शिवणाऱ्याचे काही लागले नाही.

आपल्या वाचकांना ही गोष्ट नवी नाही. जुन्या गावगाड्यात मेलेले जनावर ओढायचे महारांनी, कातडे कमवायचे ढोरांनी, जोडा शिवायचा चांभारांनी. एका जोड्यात तीन जाती, आणि तिन्ही अस्पृश्य! जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीतली वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या, पण करता न आलेल्या भाषणात दाखवून दिले. त्याआधी महाडच्या १९२७ च्या परिषदेनंतर गावोगावच्या आपल्या माणसांनी मेलेली गुरे ओढायचे नाकारले आणि त्यापायी बहिष्कार सोसले. ते योग्यच केले. म्हणून 'ही कला टिकली पाहिजे' असे कुणी व्याख्यानात म्हणू लागला, की आम्ही आधी विचारतो, कुणाच्या मुलांनी टिकवायची? त्या बाईंच्या मुलाला आयटीआयला घातले यात आम्हाला तरी काही वावगे दिसत नाही.

पण जे हे काम करताहेत त्यांना दाम आणि नाव मिळायला नको का? जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा कंपनीने आपल्या नव्या पोशाखांबरोबर कोल्हापुरीच्याच घाटाच्या चपला दाखवल्या आणि त्यांना नुसते 'चामड्याची सँडल' म्हटले. वास्तविक २०१९ सालीच कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालेले होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार, एवढ्या जिल्ह्यांतल्या चपलेलाच ते नाव लावता येते. इकडे ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले, तेव्हा कंपनीने प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचे कबूल केले. डिसेंबर २०२५ मध्ये आपले संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ, कर्नाटकाचे बाबू जगजीवनराम महामंडळ आणि प्राडा यांचा करार झाला. दोन हजार जोड्या इथे बनवायच्या, किंमत प्रत्येकी सुमारे ८०० युरो. युरोचे शंभर रुपये धरले तरी ऐंशी हजार होतात, म्हणजे आमच्या साडेनऊशेच्या चौऱ्याऐंशी पट. कारागिरांना प्रशिक्षण देण्याचेही करारात आहे. कुणी कुणाला शिकवायचे, हा प्रश्न वेगळा!

त्याहून आम्हाला जवळची वाटली ती महामंडळाची जुलै २०२५ मधली योजना. चपलेला चौकोनी ठिपक्यांचे लेबल लावायचे, त्यावर मोबाइल धरला की बनवणाऱ्याचे नाव, जिल्हा, कच्चा माल दिसतो. रेक्झिनच्या नकली मालातून खरा निवडायलाही ते बरे. आमच्या भगिनींनी खरेदीच्या वेळी ते जरूर मागावे. आणि कोकणातल्यांनी एक ध्यानात ठेवावे, की मिरगाच्या आत चपला पुसून, तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकाव्यात. आपल्या पावसात कोल्हापुरी तग धरीत नाही.

लग्न विहारात साधेपणाने पार पडले. जावईबापूंना जोडी नेमकी बसली. चार पावले चालून पाहिली आणि त्यांनी सहज विचारले, "कोणी बनवल्या हो?" लेबल नव्हतेच. आम्ही खिशातली पावती काढली. तिच्यावर दुकानाचे नाव होते. ज्यांच्या उंबऱ्याशी उभे राहून चहा प्यायलो, त्या बाईंचे नाव आम्ही विचारलेच नव्हते.