जनमत आणि वृत्तमाध्यमे
जनमत आणि वृत्तमाध्यमे : सार्वजनिक प्रश्नांविषयी समाजातील लक्षणीय गटांनी धारण केलेल्या आणि शासनाला दखल घ्यावी लागेल अशा मतांच्या समुच्चयास जनमत म्हणतात. बहुसंख्य नागरिकांना राजकीय घटनांचा प्रत्यक्ष अनुभव नसतो. वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी व अलीकडे भ्रमणध्वनी यांद्वारे त्या त्यांच्यापर्यंत पोहोचतात. मॅक्सवेल मॅकोम्ब्स व डोनाल्ड शॉ या अमेरिकन अभ्यासकांनी १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीची पाहणी करून (प्रसिद्धी १९७२) असे दाखविले की, माध्यमांनी ठळकपणे दिलेले प्रश्न व मतदारांना महत्त्वाचे वाटणारे प्रश्न यांत निकटचे साम्य असते. या परिणामास ‘विषयक्रमनिश्चिती’ म्हणता येईल. लोकांनी काय मत बनवावे यापेक्षा कशाविषयी मत बनवावे, हे माध्यमे अधिक प्रमाणात ठरवितात.

महाराष्ट्रात केसरी (स्था. १८८१) सारख्या पत्रांनी प्रथम राजकीय जनमत घडविले. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. २००७ पासून चोवीस तासांच्या खाजगी मराठी वृत्तवाहिन्या आल्या आणि दूरच्या खेड्यातील घटनाही त्याच दिवशी राज्यभर दिसू लागली.

जालना जिल्ह्यातील उदाहरण : मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी मनोज जरांगे यांनी २०२१ मध्ये जिल्ह्यातील साष्ट पिंपळगाव येथे दीर्घकाळ धरणे धरले, त्यास तुलनेने अल्प प्रसिद्धी मिळाली. २९ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांनी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषण आरंभिले. १ सप्टेंबरला पोलिसांनी तेथे लाठीमार व अश्रुधुराचा वापर केला. कारवाईचे कारण पोलीस व आंदोलक यांनी परस्परविरोधी सांगितले. तथापि जखमींची दृश्ये सर्वत्र पोहोचली. दुसऱ्याच दिवशी राज्यातील प्रमुख नेते गावी येऊ लागले, ४ सप्टेंबरला गृहमंत्र्यांनी क्षमायाचना केली आणि १४ सप्टेंबरला मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत उपोषण सुटले. मागणी जुनीच होती; दृश्यांमुळे तिला राज्यव्यापी अग्रक्रम लाभला.

या प्रसिद्धीची प्रतिक्रियाही उमटली. इतर मागासवर्गीयांची मोठी सभा १७ नोव्हेंबर २०२३ रोजी अंबड येथे झाली. जून २०२४ मध्ये जवळच्या वडीगोद्री येथे आपल्या आरक्षणाच्या रक्षणासाठी त्यांच्या नेत्यांनी उपोषण केले. अशा प्रकारे माध्यमांनी पुढे आणलेला विषय दोन्ही बाजूंना संघटित करतो. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागू करताना प्रशासनाने जालन्यासह तीन जिल्ह्यांत इंटरनेट सेवा काही तास बंद ठेवली. संदेशवहनाच्या वेगाचे राजकीय महत्त्व शासनासही किती वाटत होते, हे त्यावरून दिसते.

प्रभावाच्या मर्यादा : माध्यमांचा प्रभाव मतदानात सरळ उतरत नाही. १९९९ पासून सलग पाच वेळा जालन्यातून निवडून आलेले भाजपचे रावसाहेब दानवे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे कल्याण काळे यांच्याकडून पराभूत झाले. सहा महिन्यांच्या आत झालेल्या विधानसभा निवडणुकीत मात्र जिल्ह्यातील पाचही जागा महायुतीने जिंकल्या. आरक्षणाचा प्रश्न दोन्ही वेळी चर्चेत होता. निकाल उलट लागले. उमेदवार, जातीय समीकरणे, पीकभाव, शासकीय योजना असे अनेक घटक मतनिर्णयात मिसळतात. पॉल लाझार्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकन निवडणुकीच्या अभ्यासातून दाखविल्याप्रमाणे, वृत्त बहुधा परिचयातील जाणत्या व्यक्तींच्या चर्चेतून गाळून पुढे जाते. गावातील पार, चहाची टपरी व आठवडी बाजार ही अशा चर्चेची ठिकाणे होत.

विषयक्रमाची दुसरी बाजू म्हणजे वगळणूक. राज्य शासनाने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत अंबडचाही समावेश होता. त्याच आठवड्यात दुसरे उपोषण व बीडमधील जाळपोळ यांनी वृत्तवाहिन्यांचा बराच वेळ व्यापला होता. दुष्काळाचे दृश्य संथ असते. ते एका क्षणात टिपता येत नाही. म्हणून पाणी, चारा व पीकविमा यांसारखे प्रश्न सहज मागे पडतात.

मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत दूरचित्रवाणीवरून निवडणूकविषयक प्रचार दाखविण्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ (कलम १२६) अन्वये मनाई आहे. परंतु कोणती बातमी किती वेळ दाखवावी, हे कायद्याने ठरविता येत नाही व लोकशाहीत ते ठरविणे इष्टही नाही. त्यामुळे एका माध्यमाने जे वगळले ते दुसऱ्यात शोधण्याची वाचक-प्रेक्षकांची सवय आणि जिल्हा पातळीवरील स्वतंत्र वृत्तपत्रांचे अस्तित्व, यांवर निकोप जनमत मोठ्या प्रमाणात अवलंबून राहते.