शाफई कोकण आणि मिरजोळीचे दलवाई

कुंभार्ली घाट उतरला की पोफळी लागते. चिपळूण तालुक्यातले हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते डोंगराच्या पोटातल्या कोयनेच्या वीजगृहामुळे. घाटमाथा आणि कोकण यांच्या या उंबरठ्यावर रमजानच्या महिन्यात एक फरक ठळकपणे जाणवतो. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, तर घाटावरचे बहुतेक हनफी. मध्यान्हीची सावली वजा करून वस्तूची सावली वस्तूएवढी झाली की शाफईंची अस्रची वेळ सुरू होते. हनफी मात्र ती दुप्पट होण्याची वाट पाहतात. अर्धा रमजान उलटला की शाफई रात्रीच्या वित्र नमाजमध्ये कुनूतची दुआ पढू लागतात, हनफी ती वर्षभर पढतात. यावरून कोणी कोणाला इस्लामबाहेर काढत नाही. इफ्तारला खजूर एकाच ताटातून उचलला जातो.

ज्यांच्या नावाने कोकणातला हा पंथ चालतो, ते इमाम शाफई मदिनेत इमाम मालिक यांच्याकडे शिकले आणि बगदादमध्ये इमाम अबू हनिफा यांच्या शिष्याकडे. पुढे ते इजिप्तला गेले आणि तिथे त्यांनी आपलीच अनेक जुनी मते बदलली. शाफई ग्रंथांत आजही इमामांचे ‘कदीम’ म्हणजे जुने मत आणि ‘जदीद’ म्हणजे नवे मत असा उल्लेख येतो. इ. स. ८२० मध्ये इजिप्तमध्येच त्यांचे निधन झाले. एक आठवण नेहमी सांगितली जाते. अबू हनिफांच्या कबरीजवळ फज्रची नमाज पढताना शाफईंनी स्वतःच्या मताप्रमाणे कुनूत पढली नाही. तिथे झोपलेल्या माणसाच्या मताचा त्यांनी मान राखला.

एवढा मोठा वारसा असलेल्या कोकणात एका विषयावर मात्र आवाज चढतात. तो विषय म्हणजे तलाक आणि त्याच्यासोबत येणारे हमीद दलवाईंचे नाव.

दलवाई परके नव्हते. पोफळीहून चिपळूणकडे येणारा रस्ता पुढे गुहागरला जातो. त्याच रस्त्यावर चिपळूणच्या पलीकडे मिरजोळी आहे. १९३२ साली दलवाई तिथे जन्मले. ‘इंधन’ या त्यांच्या कादंबरीत इथलेच मोहल्ले आहेत, इथलीच माणसे आहेत. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधानभवनावर मुस्लिम महिलांचा मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. मोर्चात बायका किती? सात. त्यांत पत्नी मेहरुन्निसाही होत्या. त्या काळी नवऱ्याने तीनदा शब्द उच्चारला की बाई मुलांसह माहेरच्या पडवीत येऊन बसत असे आणि तिचे म्हणणे विचारायला जमातीच्या बैठकीत तिला बोलावण्याची रीत नव्हती. त्या सात जणी रस्त्यावर आल्या, ही गोष्ट साठ वर्षांपूर्वीची आहे हे विसरता कामा नये. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले.

दलवाईंची सगळीच मते पटावीत असे नाही. धर्माबद्दलची त्यांची मते तर श्रद्धावंत मुसलमानाला पटणे अवघडच. १९७७ साली ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी झाला नाही, दफनही झाले नाही. अनेकांच्या मनात तो सल राहिला आणि त्या रागात तलाकबद्दलचे त्यांचे म्हणणेही बाजूला पडले. हे मात्र चुकीचे झाले. माणसाची श्रद्धा वेगळी आणि त्याने विचारलेला प्रश्न वेगळा.

कारण तो प्रश्न दलवाईंच्या फार आधीचा होता. एका दमात दिलेले तीन तलाक तीनच धरावेत, असे चारही सुन्नी इमामांच्या पंथांचे प्रचलित मत होते, शाफईंचेसुद्धा. पण चौदाव्या शतकात दमास्कसचे इब्न तैमिया यांनी तो एकच तलाक मानावा, असे सांगितले. तलाकविषयक फतव्यांपायी त्यांना तुरुंगात जावे लागले. त्यांच्या धर्मनिष्ठेबद्दल तर कोणी शंका घेणार नाही! १९२९ मध्ये इजिप्तने कायदा करून असा तलाक एकच धरला. पाकिस्तानने १९६१ च्या वटहुकमाने तलाकची नोटीस आणि नव्वद दिवसांची मुदत आणली. दलवाईंचा मोर्चा त्यानंतर पाच वर्षांनी निघाला. तरी इथे धर्म बुडाल्याची ओरड झाली.

मेहरुन्निसा दलवाई जून २०१७ मध्ये गेल्या. त्याच वर्षी २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. पाच न्यायमूर्तींतही एकमत नव्हते, हे इथे नोंदवायला हवे. २०१९ च्या कायद्याने असा तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली.

इथून दुसरी अडचण सुरू झाली. आधी मोहल्ल्यात तलाकविरुद्ध बोलणाऱ्याला ‘दलवाईंचा माणूस’ म्हणून गप्प करत. आता मोहल्ल्याबाहेर, एसटीत, कॉलेजात, कारखान्याच्या कँटीनमध्ये मुसलमान दिसला की त्याला मत विचारले जाते. ते ऐकून घेण्यासाठी नसते, त्याची परीक्षा घेण्यासाठी असते. कायद्याच्या बाजूने बोलला तर तो ‘चांगला’ मुसलमान, कैदेच्या तरतुदीवर शंका काढली तर कट्टर. मग बरेच जण हसून विषय बदलतात. दलवाईंचे नाव घेऊन मुसलमानांना झोडपणारे त्यांनी हिंदू जातीयवादावर केलेली टीका सोयीस्करपणे वगळतात, तोही याच परीक्षेचा भाग.

खरे तर दोन्ही गोष्टी एकाच माणसाला पटू शकतात. तिहेरी तलाक हा अन्याय आहे, तो गेला हे बरे झाले. आणि हिंदू नवरा बायकोला टाकून गेला तर सोडून जाण्याच्या त्या कृतीसाठी त्याला कैद होत नाही, मग मुस्लिम नवऱ्यालाच का, हाही प्रश्न रास्त आहे. असे दोन्ही बोलणाऱ्याला आत जागा नाही आणि बाहेरही.

खलिफा उमर यांनी मेहेरच्या रकमेला मर्यादा घालायचे ठरवले, तेव्हा एका बाईने भर मशिदीत उठून कुरआनचा आधार देत त्यांना अडवले आणि खलिफांनी आपली चूक मान्य केली, ही कथा रमजानच्या बयानांत हमखास ऐकू येते. उमर यांचा मोठेपणा सांगण्यासाठी ती सांगतात. ती बाई मशिदीत होती आणि तिला बोलू दिले गेले, याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. कोकणातल्या बहुतेक मशिदींत ते बयान ऐकायला बायका नसतात. त्या वेळी त्या घरी इफ्तारची भांडी घासून सहरीच्या भाकऱ्यांचे पीठ काढत असतात आणि कैदेत गेलेल्या नवऱ्याकडून पोटगी कशी मिळणार, हा सवाल त्यांच्याच बोलण्यात पहिल्यांदा येतो.