शंभरीनंतरही वाढलेला दमसास

"डॉक्टर, आता या वयात कसली सायकल? घरचे हसतात," असे साठी उलटलेले अनेक जण मला म्हणतात. त्यांना मी फ्रान्समधील रोबेर मार्शां यांचे उदाहरण देतो. १९११ साली जन्मलेले हे गृहस्थ सत्तरीकडे झुकल्यावर पुन्हा सायकलीकडे वळले. २०१२ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांनी एका तासात सुमारे २४ किलोमीटर अंतर कापले. २०१४ मध्ये, १०२ व्या वर्षी, जवळजवळ २७! २०२१ मध्ये ते वारले तेव्हा १०९ वर्षांचे होते.

शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावरून दमसास मोजतात. तिशीनंतर तो दर दहा वर्षांनी सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. मार्शां यांचा मात्र १०१ ते १०३ या वयात वाढला. दर किलो वजनामागे ३१ मिलिलिटरवरून तो ३५ वर गेला. गंमत म्हणजे हृदयाचे कमाल ठोके जवळजवळ तेवढेच राहिले. वाढली ती पायडल मारण्याची ताकद. स्नायू म्हातारपणीही सरावाला दाद देतात, ते असे. अर्थात एका माणसावरून सर्वांसाठी नियम करता येत नाही.

त्यांचा सराव कसा होता? वर्षाला ५,००० किलोमीटर, पण त्यातला ८० टक्के अगदी सावकाश, शेजारच्याशी गप्पा मारता येतील अशा बेताचा. दम लागेल असा फक्त २० टक्के. आपल्याकडे नेमके उलटे घडते. निवृत्तीनंतरच्या उत्साहात पहिल्याच आठवड्यात १५ किलोमीटर, मग गुडघा धरून दवाखान्यात आणि सायकल पुन्हा अडगळीत! त्यात सीट फार खाली ठेवायची सवय. पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा.

सुरुवात करण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्या. दम लागेल असा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडीचे ठोके मोजून श्रमाचा अंदाज घेऊ नका. ती गोळी ठोके वाढूच देत नाही. 'बोलता येते का?' ही कसोटी बरी. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्यांनी खिशात चार चमचे साखरेची पुडी ठेवावी. उतारवयात तहान कमी लागते, म्हणून पाणी आठवणीने प्यावे.

आणि चढावर छातीत दडपल्यासारखे झाले, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, घेरी आली, तर तिथेच उतरा. पाच मिनिटांत बरे वाटले म्हणून 'पित्त असेल' असे म्हणत सोडा पिऊन घरी बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.