सारंग, विलास
(१९४२–२०१५). मराठी कथाकार, कादंबरीकार, कवी व समीक्षक. मराठी व इंग्रजी ह्या दोन्ही भाषांत लेखन. जन्म कारवार येथे. मुंबई विद्यापीठ व अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठ येथून पीएच्.डी. बसरा (इराक), मुंबई व कुवेत येथील विद्यापीठांत इंग्रजीचे अध्यापन. सोलेदाद (१९७५) हा कथासंग्रह, एन्कीच्या राज्यात (१९८३) ही कादंबरी आणि सिसिफस आणि बेलाक्वा हा समीक्षालेखसंग्रह ही त्यांची उल्लेखनीय पुस्तके होत.

सारंगांच्या कथात्म साहित्यावर काफ्काप्रमाणेच फ्रेंच साहित्याचाही, मुख्यतः काम्यू आणि बेकेट यांचा, प्रभाव आढळतो. त्यांच्या समीक्षाग्रंथाचे शीर्षकच ह्या दृष्टीने सूचक आहे. घरंगळत येणारी शिळा पुन्हापुन्हा शिखराकडे ढकलणारा ग्रीक पुराणकथेतील सिसिफस हा आल्बेअर काम्यूने १९४२ मध्ये जीवनाच्या असंगततेचे व तिच्याशी चाललेल्या झुंजीचे प्रतीक म्हणून पुढे आणला. बेलाक्वा हा दान्तेच्या महाकाव्यातील, डोंगराच्या पायथ्याशी गुडघ्यांना मिठी मारून बसलेला आळशी पुरुष. पुढे फ्रेंचमधून लिहू लागलेल्या सॅम्युएल बेकेट ह्या आयरिश लेखकाने आपल्या आरंभीच्या कथानायकास हेच नाव दिले. निष्फळ ठाऊक असूनही केलेला श्रम व कृतिशून्य प्रतीक्षा, अशा दोन वृत्ती ह्या दोन नावांतून व्यक्त होतात.

काम्यूच्या लेत्रांजे (१९४२) ह्या कादंबरीतील निवेदक विलक्षण घटनाही कोरड्या, छोट्या वाक्यांत सांगतो. सारंगांची निवेदनशैली हिच्याशी जवळीक साधते. मात्र त्यांच्या कथांत अद्भुताला मोठे स्थान असून ते परिचित परिसरातूनच उद्‌भवते. विसर्जनासाठी नेल्या जाणाऱ्या गणेशमूर्तींचे बंड हा त्यांच्या एका कथेचा विषय आहे. काम्यूच्या वास्तवाच्या चौकटीत असे अद्भुत बसत नाही.

एन्कीच्या राज्यात ह्या कादंबरीत हा फरक अधिक स्पष्ट होतो. एन्की हा प्राचीन सुमेरियन देव. कादंबरीचा नायक प्रमोद हा बसऱ्यातील भारतीय अध्यापक आहे. काम्यूच्या चिंतनात असंगती ही अर्थ शोधणारा मानव व निरुत्तर विश्व यांच्या संबंधातून निर्माण होते. येथे मात्र तिला हुकूमशाही राजवटीचा मूर्त चेहरा लाभतो. परकेपणा हा तात्त्विक अनुभव न राहता परदेशात नोकरी करणाऱ्या माणसाची नित्याची स्थिती बनतो.

मराठी कथात्म साहित्यावरील वास्तववादाचे वर्चस्व सारंगांना संकोचक वाटे. उलट देशीवादाच्या भूमिकेतून परकीय प्रभावांकडे संशयाने पाहिले गेले. ह्या वादात सारंगांच्या लेखनाला विशेष महत्त्व आहे. कारण घेतलेली दृष्टी नव्या अनुभवावर पारखली गेली, तर प्रभाव म्हणजे अनुकरण नव्हे, हे त्यातून दिसून येते.