पाण्याचा सातबारा

१२ जुलै १९६१ हा दिवस पुणेकरांच्या स्मृतीतून कधीही पुसला जाणार नाही, असे आपण दर वर्षी म्हणतो. पण तो पुण्याच्या भिंतींवरून मात्र भराभर पुसला जात आहे. त्या दिवशी सकाळी आंबी नदीवरील पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांतून व डेक्कन जिमखान्यावरून थैमान घालीत गेले. पूर ओसरल्यावर पाणी कोठवर चढले होते याच्या खुणा लोकांनी भिंतींवर रेखून ठेवल्या. त्या भिंतींचे वाडे एकेक करून पाडले जात आहेत, त्यांच्या जागी टोलेजंग इमारती उभ्या राहत आहेत, आणि नव्या भिंतीवर जुनी खूण पुन्हा रेखण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. खूण गेली म्हणजे पाण्याची वाटही गेली, अशी आपण आपली समजूत करून घेतली आहे काय?

हा प्रश्न आम्ही कोणास भिवविण्यासाठी विचारीत नाही. मध्यमवर्गीय गृहस्थ आयुष्यात एकदाच घर घेतो. त्यापायी तो वीस-वीस, तीस-तीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतो. म्हणूनच खरेदीपूर्वी वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध घेतो, सातबारा पाहतो, बोजा आहे की काय याची खात्री करून घेतो. हे सारे योग्यच आहे. पण त्या जमिनीवर माणसांच्या आधीपासून ज्याची वहिवाट आहे, त्या पाण्याचा शोध किती जण घेतात? जमिनीचा मूळ मालक एक वेळ कोर्टात हरेल. पाणी कोर्टात जात नाही आणि आपला हक्कही सोडीत नाही.

यावर कोणी म्हणेल की, पानशेतचा प्रलय हा धरणफुटीचा अपघात होता. तो काही नेहमीचा पूर नव्हे. हा आक्षेप खरा आहे. परंतु २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जे घडले त्याला कोणतेही धरण फुटण्याची गरज पडली नाही. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा एका रात्रीच्या पावसाने फुगला आणि अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या भागांतील वस्त्यांत घुसला. त्या रात्रीच्या पावसाने पुणे शहरात व जिल्ह्यात वीसहून अधिक माणसांचा बळी घेतला. ज्या सहकारनगरात पानशेतच्या पूरग्रस्तांनी पुन्हा संसार मांडले, त्याच परिसरात ५८ वर्षांनी ओढा दाराशी आला. नदी टाळली, पण ओढ्याची चौकशी कोणी केली नाही. या ओढ्याचा इतिहासही काही अज्ञात नव्हता. पूर्वी तो गावातूनच वाहत असे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी त्याचा प्रवाह वळविला. वर्षातील दहा महिने ज्याची गणना आपण गटारात करतो, तो ओढा दोन महिन्यांत आपले नाव सार्थ करू शकतो, हे एवढ्यावरूनच उमगावयास हवे होते.

२५ जुलै २०२४ चा धडा त्याहून बोलका आहे. खडकवासल्याच्या पाणलोटात रात्रभर धो धो पाऊस झाला आणि धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी मुठेत सोडावे लागले. सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत तळमजल्यांवर पाणी चढले आणि शिडकाव्यासारख्या पावसाची सवय असलेल्या रहिवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तिघे जण प्राणास मुकले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. ३५ हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर तीन अब्ज घनफूट पाणी वाहून जाते. आणि खडकवासला धरणाची साठवण आहे अवघी दोन अब्ज घनफुटांच्या आसपास. असे लहान धरण मोठा पूर पोटात फार काळ धरून ठेवू शकत नाही, हे त्रैराशिक शाळकरी मुलासही करता येईल. मात्र, वर धरण आहे म्हणजे खाली आपण सुरक्षित आहोत, हा भ्रम सुशिक्षितांतही दृढ आहे.

आता पूररेषांविषयी. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. मुठेसाठी या रेषा साधारणतः ६० हजार आणि १ लाख क्युसेक विसर्ग गृहीत धरून आखल्या गेल्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधावयाचे तर इमारतीचे जोते लाल रेषेच्या पातळीहून उंच हवे, असा नियम आहे. परंतु ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी जेवढा घात केला आहे तेवढा पुरानेही केला नसेल! एकदा पूर येऊन गेला की पुढची ९९ वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नव्हे. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा त्याचा अर्थ आहे. ३० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत लाल रेषेपर्यंतचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात सुमारे २६, आणि निळ्या रेषेपर्यंतचा पूर येण्याची शक्यता शंभरात सुमारे ७० भरते. कोल्हापूरकरांना हे गणित शिकवावे लागत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर त्यांनी सतरा वर्षांच्या आत पाहिले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्याही वर गेले.

शिवाय नकाशावरील रेषा स्थिर असली तरी नदी स्थिर नसते. पात्रात राडारोडा टाकला, काठाला भराव घातला, ओढ्यावर स्लॅब टाकून वाहनतळ केला, की तेवढेच पाणी पूर्वीहून उंच चढते. डोंगरउतारावरची माती काँक्रीटखाली गेली की तासांत मुरणारे पाणी मिनिटांत ओढ्यास मिळते. २०२४ साली घरे बुडविणारा विसर्ग निळ्या रेषेच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडासाच अधिक होता, हे विसरता कामा नये. म्हणून रेषेबाहेर असणे हे अभयपत्र नव्हे.

तर मग गृहस्थाने करावे काय? प्रथम विकास आराखड्याच्या नकाशावर आपला भूखंड पूररेषांच्या कोणत्या बाजूस पडतो ते पाहावे. नंतर भर पावसात एकदा त्या जागी स्वतः जावे आणि पाणी कोठून येते व कोठे जाते ते डोळ्यांनी पाहावे. जाहिरातीतील चित्रांवर विसंबण्यापेक्षा कोपऱ्यावरचा वाणी, इस्त्रीवाला, जुना पहारेकरी यांना २०१९ आणि २०२४ साली पाणी कोठवर आले होते ते विचारावे. त्यांची साक्ष पुष्कळदा कागदांहून खरी निघते. विजेचे मीटर, रोहित्र आणि पाण्याचे पंप तळघरात आहेत की उंचावर, याची चौकशी करावी, कारण पुरात माणसे केवळ बुडून मरत नाहीत. आणि जे आधीच अशा घरात राहत आहेत त्यांनी घराच्या विम्यात पुराचा समावेश आहे की नाही ते वाचून पाहावे. २०२१ पासून लागू झालेल्या प्रमाणित गृहविम्यात तो आहे. पण गृहकर्जासोबत घेतलेला विमा घराचा की कर्जदाराच्या आयुष्याचा, हेही पुष्कळांस ठाऊक नसते.

तथापि सारा भार एकट्या गृहस्थावर टाकणे न्यायाचे होणार नाही. पूर आलेल्या इमारतीतील रहिवासी स्वतःच भिंतीवरचा डाग रंगवून टाकतात, कारण भाव पडेल ही धास्ती. त्यांना आम्ही दोष देत नाही. जन्माची पुंजी त्या चार भिंतींत अडकलेली असते. पण एकाने झाकलेला डाग दुसऱ्याच्या गळ्यातील धोंड होतो. म्हणून हे सांगण्याचे दायित्व सार्वजनिक संस्थेनेच उचलले पाहिजे. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक मोठ्या पुराची पातळी महापालिकेने चौकाचौकांत दगडावर कोरून ठेवावी. कोणत्या विसर्गाला कोणती गल्ली पाण्याखाली जाते, याची यादी पावसाळ्यापूर्वी मराठीत प्रसिद्ध करावी. आणि घराच्या खरेदीखतास त्या जागेच्या पुराचा इतिहास जोडणे कायद्याने बंधनकारक करावे. जमिनीवर बँकेचा बोजा असेल तर तो लपविणे गुन्हा ठरतो; मग नदीचा बोजा लपविणे हा व्यवहारचातुर्याचा भाग कसा?

नदीकाठची जागा नाइलाजाने पत्करणारा गरीब मनुष्य आणि ‘नदीचे दर्शन’ म्हणून चढा भाव मोजणारा श्रीमंत, या दोघांनाही पुराच्या रात्री एकाच शाळेच्या वर्गात सतरंजी टाकावी लागते. त्या वर्गात पोहोचण्यापूर्वीच हा धडा शिकून घेण्यात शहाणपणा आहे. १९६१ साली ज्यांनी भिंतीवर रेघ ओढली, त्यांनी ती स्वतःसाठी ओढली नव्हती. त्यांनी तर पाणी डोळ्यांनी पाहिले होते. ती रेघ पुढे येणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्यासाठी होती. तिच्यावर रंगाचा हात फिरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?