तक्त्यांपलीकडचे सामग्री विज्ञान : आधी शिक्षकांची तयारी

जास्त कार्बन असलेली पोलादी तार लालबुंद तापवून पाण्यात बुडवली, तर ती कठीण होते. पण वाकवताच काचेसारखी तुटते. तीच कठीण तार बेताने पुन्हा तापवली असता तिच्यात चिवटपणा येतो. घटक तेच राहतात, बदलते ती अंतर्गत रचना. रचना, प्रक्रिया आणि गुणधर्म यांतील हे नाते उलगडणारी शाखा म्हणजे सामग्री विज्ञान, अर्थात मटेरियल सायन्स.

तंत्रशिक्षणात हा विषय गुणधर्मांच्या तक्त्यांपुरता शिकवला गेला, तर विद्यार्थ्याला पोलादाची प्रत सांगता येते. वेल्डिंगच्या सांध्यालगत तडा का गेला, हे मात्र उमगत नाही. कारखान्यात नेमका हाच प्रश्न त्याच्यासमोर येतो. त्यामुळे आधी शिक्षकांची तयारी आवश्यक ठरते.

यासाठीची व्यवस्था देशात उपलब्ध आहे. भोपाळ, चंडीगड, चेन्नई व कोलकाता येथील राष्ट्रीय तंत्रशिक्षक प्रशिक्षण व संशोधन संस्था, तसेच अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘अटल’ अकादमी शिक्षकांसाठी अल्पकालीन अभ्यासक्रम घेतात. अमेरिकेत ‘एएसएम’ या संघटनेचे शिक्षण प्रतिष्ठान शालेय शिक्षकांसाठी आठवडाभराची विनाशुल्क शिबिरे भरवते. तेथे व्याख्यानांपेक्षा प्रत्यक्ष प्रयोगांवर भर असतो.

प्रत्येक प्रयोगाला महागडी उपकरणे लागतात असे नाही. बर्नर, पक्कड, तार आणि पाण्याचे भांडे एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते. मात्र तार का तुटली, हे समजावून सांगणारा शिक्षक वर्गात असावा लागतो.