रायफलीला नवी दुर्बीण बसवली? शेतात जायच्या आधी हे करा

पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबाद-किनवट असो की पलीकडे पांढरकवडा, रानडुकरांचा ज्वारी-मक्यातला धुमाकूळ सारखाच. कायदाही सारखाच: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळी घातली की गुन्हा. पण परवानगीवाला नेमबाज नवी दुर्बीण लावून थेट शेतात आला, तर डुक्कर जखमी होऊन सुटतं अन् सकाळी निंदणाऱ्या बायांच्या अंगावर जातं.

म्हणून आधी शूटिंग रेंज गाठा. रायफल रिकामी आहे ना, दोनदा बघा. बोल्ट काढा, रायफल वाळूच्या पोत्यांवर टेकवा आणि नळीतून २५ मीटरवरचा ठिपका पाहा. रायफल न हलवता दुर्बिणीची फुली त्याच ठिपक्यावर आणा. मग तीन गोळ्या झाडा आणि तिन्हींचा मध्य धरा.

बरेच जण चुकतात ते इथेच. पाव मिनिटाच्या दुर्बिणीत एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर. २५ मीटरवर मात्र जेमतेम पावणेदोन. गोळी ४ सेंटीमीटर खाली लागली तर ५-६ नव्हे, २२ क्लिक वर फिरवावे लागतात.

नंतर १०० मीटरवर पुन्हा तीन. नळी तापली की थांबा. गोळ्या विखरून लागल्या तर क्लिकला हात लावू नका, माउंटचे स्क्रू तपासा; .३१५ च्या धक्क्याने ते ढिले होतात.

परवान्यावर काडतुसं मोजून मिळतात, दहा-बारा इथे घालवायची म्हणजे जिवावर येतं. तरी घालवा.